सरकारी रानातली येळवस

तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं शेत धरणाच्या पाण्यात गेलं आणि त्या आमच्याकडे बीदरला, मैलुरात राहायला आल्या. पुढची दोन वर्षं त्यांनी येळवस केली नाही.

येळवस तुम्ही पाहिलेली नाही. थंडीतल्या वेळ अमावस्येला आमच्या भागातली माणसं शेतात जेवायला जातात. ज्वारीच्या हिरव्या धाटांची छोटी कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. त्यांची पूजा झाली की पंगत.

"शेतच न्हाई, तर येळवस कसली?" सासूबाई म्हणायच्या, आणि त्या दिवशी मुद्दाम रोजचा वरणभात करायला लावायच्या.

तेव्हा गावाबाहेरच्या राखीव रानात सांस्कृतिक भवन नवीनच झालं होतं. एक दालन, पुढे लांब ओसरी, अंगणापलीकडे काळविटांसाठी पाण्याचा हौद. आमचं महिला मंडळ तिथे कानडी-मराठी गाण्यांसाठी जमायचं. तिसऱ्या वर्षी येळवस तिथेच करायची, असं मी बैठकीत मंजूर करून घेतलं. रानाच्या रखवालदाराने अटी सांगितल्या. चूल पेटवायची नाही. पान तोडायचं नाही. इथला दगडसुद्धा उचलायचा नाही. जनावराला इजा झाली तर भवनाला कुलूप.

मी घरी येऊन कामं वाटली. भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि दाण्यांची मिसळ भाजी, एकीकडे, बाजरीचे उकडलेले उंडे दुसरीकडे, आंबील आमच्याकडे.

"आत्याबाई, तुम्ही येणार ना?"

"बघायला येते. करायची न्हाई."

पण आदल्या दिवशी पाहिलं, तर परसात चुन्याने रंगवलेले दगड वाळत होते. पाच नव्हे, सहा.

"सहावा कशाला?"

"एखादा फुटला तर? तुला इंग्रजी येतंय, येळवस येत न्हाई."

भवनासमोर विकत आणलेल्या धाटांची कोप उभी राहिली. ती पुन्हा नीट बांधून पूजाही सासूबाईंनीच केली, कारण आम्ही धाटं कशीबशी बांधली होती आणि ते त्यांना पाहवेना. पंगत ओसरीवर बसली. पहिला उंडा मोडतो न मोडतो तोच हौदाकडून एक काळविटाची मादी आली, मागे पाडस. तिने सरळ कोपीला तोंड घातलं.

सासूबाई ताडकन उठल्या. जन्मभर शेतातून हीच जनावरं हाकलली होती. पिशवीतला सहावा दगड त्यांच्या हातात आला.

"अव्वा, दगड खाली टाका!" रखवालदार धावत आला. "इथला दगड उचलायचा न्हाई म्हणून सांगितलं होतं की!"

"हा माझ्या घरचा हाय. सरकारचा न्हाई!"

बायका हसू लागल्या. मी मात्र हसले नाही. भवनाला कुलूप लागलं असतं तर ही येळवससुद्धा गेली असती. सासूबाईंचा हात वरच होता. पाडसाने आईच्या पोटाखालून मान काढली, एक पान ओढलं आणि आमच्याकडे बघत चघळू लागलं.

हात हळूहळू खाली आला.

"खा बाई," त्या म्हणाल्या. "आजवर तुम्ही माझ्या शेतात न विचारता जेवलात. आज मी तुमच्या शेतात जेवायलेय." आणि पानावर बसून त्यांनी भज्जी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी त्यांनी भवनाभोवती आंबील शिंपडली, शेताच्या बांधावर शिंपडतात तशी. निघताना रखवालदार म्हणाला, "अव्वा, तुमचे दगड घ्या."

"कामून? तूच म्हणलास की, इथला दगड उचलायचा न्हाई."

"पण हे तुमच्या घरचे हायत!"

"सकाळी व्हते," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या साली किती धाटं लागतील ते मला सांगत फाटकाकडे चालू लागल्या.