शिरा करपला नव्हता

“प्रसादाचे पातेले उघडून पाहिले असता शिरा करपलेला आढळला, म्हणून तो परत पाठवून बाहेरून मागवण्यात आला. कृपया गैरसमज नसावा.”

सोसायटीच्या ग्रुपवर चिटणिसांनी लिहिलेला हा मजकूर खोटा आहे.

माझे वडील येवल्याच्या बसस्थानकाबाहेर चपला शिवत. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, नाशिकला फ्लॅट घेतला. आमची जात मात्र जिन्याने आमच्याआधी वर पोहोचली होती.

श्रावणातल्या सत्यनारायणाचा प्रसाद करण्याची पाळी यंदा प्रथमच आमच्या घराची. मी देव मानत नाही. पत्नी मानते, मनापासून. डोक्यावरून न्हाऊन तिने रवा भाजला, पातेल्याला पांढरे फडके बांधले, खाली नेऊन दिले. पूजा सुरू होण्याआधी पातेले आमच्या दारात परत.

मी खाली गेलो.

“शास्त्र आहे, काका. मी थोडंच लिहिलंय?” चिटणीस म्हणाले.

दर श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जाणारे डॉक्टर म्हणाले, “सोवळं म्हणजे त्या काळचं हायजीन. सायन्स आहे त्यात.”

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “एकदा चुकलं, तर माझा मुलगा तापानं फणफणला. अनुभव आहे हो मला.”

शास्त्र, विज्ञान, अनुभव. तिघांचे एरवी एकमेकांशी पटत नाही. माझ्यापुढे पटले. करपल्याचे तेव्हा कोणीही बोलले नाही. ते नंतर सुचले. आयुष्यभर मी वाद जिंकले. इथे वादाला कोणी उभेच राहीना. “काका, बसा ना, चहा घ्या.” सगळे हसतमुख.

संध्याकाळी चिटणीस बाहेरच्या शिऱ्याचे द्रोण घेऊन आले. पत्नीने ओंजळ पुढे केली. द्रोण वरून सोडला गेला. मी हात मागे बांधले.

“प्रसादाला नाही म्हणू नये, काका.”

“सकाळी तुम्हीच ‘नाही’ म्हणालात.”

पत्नीने द्रोण कपाळाला लावला. खाल्ला. ग्रुपवरचा मजकूर मी तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, “लागला असंल हो खाली. देवाला कशाला मधी आणता? पुढच्या साली आच बारीक ठेवीन.”

देव वाचवण्यासाठी तिने स्वतःचा हात खोटा ठरवला. तिच्यापुढे मी हतबल आहे. चिटणिसांपुढे नाही. हा मजकूर मागे घेतला जात नाही तोवर या इमारतीत कोणाच्या हातचे पाणी मी घेणार नाही, आणि प्रत्येक सभेत उभा राहून एवढेच सांगेन:

पातेले परत आले, तेव्हा फडक्याची गाठ तिने बांधली होती तशीच होती. ती तिने स्वतः, माझ्यासमोर, दातांनी सोडली.