छप्पन्न अंशांवर सुटलेला ट्रकचालक

ते प्रकरण आठवलं की आजही हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. तेव्हा मी कळमेश्वरच्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका रंग कारखान्याने फिर्याद दिली की, अ‍ॅसिटोनच्या सहा पिंपांत पाणी मिसळलेलं आहे. माल आणणाऱ्या ट्रकचालकाला चौकशीसाठी बसवलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता.

"साहेब, शिक्के जसेच्या तसे होते. मी काहून पाणी टाकू?" तो पुन्हा पुन्हा एवढंच सांगे.

कारखान्याचा भांडारपाल मात्र ठाम होता. "माल आला तेव्हाच खराब होता. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाई सुट्टीवर, तपासणी झालीच नाही."

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. शहरातल्या महाल भागात एका बांगड्यांच्या दुकानात नेलपॉलिश काढायचं औषध, म्हणजे अ‍ॅसिटोनच, बिनलेबलच्या बाटल्यांतून विकत होते. दुकानदाराला आणलं. तो म्हणाला, "एक ट्रकवाला देऊन गेला." झालं! मी अटकेचे कागद मागवले.

कागद येण्याआधी प्रयोगशाळेच्या बाईच स्कूटरवरून आल्या, त्याही रागात. "साहेब, त्याले काहून धरून राहिले तुम्ही? मी त्या दिवशी अर्धा दिवस आली होती. फाटकावरच प्रत्येक पिंपाचा नमुना काढून सील केला. चालकाची सही आहे त्यावर. मले कोणी विचारलंच नाही!"

पंच घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. विडी ओढणाऱ्या शिपायाला आधी बाहेर काढलं. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं. बाईंनी विजेच्या शेगडीवर पिंपातला माल तापवला. तो उकळू लागला तरी पारा चढतच होता: साठ, सत्तर, पुढेही. मग सील फोडून फाटकावरचा नमुना लावला. पारा छप्पन्नच्या आसपास आला आणि थांबला. उकळी जोरात, पारा जागच्या जागी.

"हा तर हलूनच नाही राहिला!" पंच म्हणून आणलेला चहावाला ओरडला, तसे सगळे हसले. माझ्या समजुतीप्रमाणे जगातलं सगळं शंभरावर उकळत होतं. बाईंनी समजावलं, "शुद्ध असलं की उकळताना पारा थांबते, साहेब. भेसळ असली की चढत जाते."

उरलेले नमुने सील करून सरकारी प्रयोगशाळेकडे रवाना केले आणि भांडारपालाला समोर बसवलं. एकच प्रश्न विचारला, "फाटकावर माल चांगला होता. मग पाणी कुठं शिरलं?"

त्याने प्यायला पाणी मागितलं. ग्लास रिकामा केला आणि सगळं सांगितलं: अ‍ॅसिटोन काढून विकलं आणि तेवढं पाणी पिंपांत भरलं. बांगड्यांचा दुकानदार त्याचा साडू निघाला. पुढे सरकारी अहवालही तसाच आला.

चालकाला संध्याकाळच्या आत घरी सोडलं. मी माफी मागितली, तर तो म्हणाला, "राहू द्या साहेब, उद्या जेवाले या." मी गेलो.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत एक सवय ठेवली. कोणाला अटक करण्याआधी जागेवरच्या प्रत्येकाला विचारायचो, "तुम्हाला अजून कोणी काही विचारायचं राहिलंय का?" बहुतेक वेळा राहिलेलं असायचं.