हिराबायची जीभ

हिराबायनं पिशवी माझ्या टेबलावर आपटली आणि बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. पिशवीत खारे बांगडे होते. कल्ल्यांजवळ हिरवट बुरशी, पोटाला चिकट ओल. वास पार रिसेप्शनपर्यंत पोचला होता.

"बघ बाय, तुझ्या डाएटचा रिझल्ट!"

"मावशी, मी तुम्हाला हे खायला सांगितलं नव्हतं."

"नाय सांगितलंस, म्हनून तर झालं!"

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. आधी खिडकी उघडली.

मी डायटीशियन. वसईत हाडांच्या एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये बसते. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी डॉक्टर नाही असं सांगते, मग ते "बरं डॉक्टर" म्हणतात. एकवीस वर्षं हेच चालू आहे. माझं माहेर आणि सासर दोन्ही वसईतल्याच पापडी गावचं. त्यामुळे सुक्या मासळीतलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती.

हिराबाय पाचूबंदरची. तीस वर्षं सुकी मासळी विकते. फेब्रुवारीत आमच्या सरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. उजवा गुडघा पार झिजलेला. जमिनीवर बसली की उठायला दोन माणसं लागायची, आणि मासळी विकायची म्हणजे जमिनीवर बसणं आलंच. सरांची अट सरळ होती: आठ किलो वजन उतरवा, बीपी ताब्यात आणा, मग ऑपरेशन. गोळ्या चालू होत्या, तरी बीपी खाली यायचं नाव घेत नव्हतं.

पहिल्या भेटीत आम्ही 'डाएट रिकॉल' घेतो. म्हणजे काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते पेशंटनं आठवून सांगायचं. पेशंट खोटं बोलतो, आपण लिहून घेतो. हिराबाय मात्र खरं बोलली. सकाळी चहाबरोबर भाकरी आणि भाजलेलं खारं, दुपारी भात, कालवण, लोणचं, रात्री पुन्हा तेच आणि वर पापड. मी खारं, लोणचं, पापड बंद केले. भात अर्धा केला. दिवसाला माणशी एक लहान चमचा मीठ, त्यातच सगळा स्वयंपाक.

इथे एक खुलासा. मिठानं चरबी वाढत नाही. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, त्याला आम्ही वॉटर रिटेन्शन म्हणतो. पाय सुजतात, बीपी चढतं आणि काटा फुगलेला दिसतो. मीठ तोडलं की पहिल्या आठवड्यात काटा झरकन खाली येतो. पेशंट पेढे घेऊन येतो. ते गेलेलं पाणी असतं हे सांगून त्याचा आनंद घालवणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. पेढे मी ठेवून घेते.

हिराबायचे पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले. मग काटा जागचा हलेना. बीपी तसंच, संध्याकाळी पाय सुजलेले. तीन आठवडे मी तक्ता उलटापालटा केला. सर म्हणाले, "पेशंट चोरून खातोय. विचारा."

मी विचारलं. फार वाईट शब्दांत विचारलं.

"मी चोरते?" हिराबाय खुर्चीतून उठायला गेली, गुडघ्यानं साथ दिली नाही, म्हणून बसूनच ओरडली. "घरात माझ्या मिठाच्या बरनीवर माझाच पहारा हाय. नवरा मला जेलर म्हनतो! रविवारी ये माझ्याबरोबर मासली घ्यायला. दिवसभर बघ माझ्या तोंडाकडं."

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटपून मी गेले. एप्रिलचा महिना. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा लोकांना चार महिने पुरेल इतका माल या दिवसांत भरून ठेवावा लागतो. बोंबील आणि जवळा नुसत्या उन्हात सुकतात. बांगडा, शिंगाळा, मुशी मात्र मिठात मुरवून सुकवतात. त्याला खारं म्हणायचं. त्यात मीठ कमी पडलं तर हवा दमट होताच माल सडतो. जास्त पडलं तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. हे ओळखायचं कसं? हिराबायनं मासळी सुकवणाऱ्या बायकांपुढच्या पहिल्या टोपलीतल्या बांगड्याचा कल्ल्याजवळचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "चालंल." आणि गिळला.

दुसरी टोपली, दुसरा तुकडा. मी मोजत होते. एकतीसवर मोजणं सोडलं.

"मावशी, हे काय खाताय?"

"खाते कुठं? चाखते."

"गिळलंत की!"

"मग थुंकू? मासलीवर पोट भरतं आमचं. ती थुंकायची?" मी देवळात चप्पल घालून नाचले असते तरी तिनं माझ्याकडे इतक्या तुच्छतेनं पाहिलं नसतं.

मला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. तिच्या दृष्टीनं खाणं म्हणजे ताटावर बसून खाणं. कामावर जिभेवर पडतं ते खाणं नव्हे. ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. कामावर काय चाखता, हे मी विचारलंच नव्हतं.

बऱ्याच वादावादीनंतर तह झाला. तुकडा मुगाएवढा, चाखून रुमालात काढायचा, वर चूळ भरायची. रुमालातलं घरच्या मांजराला, म्हणजे मासळीचा अपमान नको. नंतर मांजराचा विचार करून मी तेही बंद करायला लावलं आणि रुमाल नारळाच्या बुंध्याशी रिकामा होऊ लागला. काटा हलला. मेच्या मध्यापर्यंत एकूण सहा किलो गेले. बीपी सरांना आवडेल असं झालं. एके दिवशी ती म्हणाली, "बाय, आता शेजारनीचं कालवन खारट लागतं." मी टेबलावर थाप मारली. मीठ कमी केलं की काही आठवड्यांत जीभ तल्लख होते, थोडं मीठही तिला पुष्कळ लागतं. पुस्तकात लिहिलंय तसं घडलं होतं. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन मिरवून आले.

आणि मेच्या शेवटी ती पिशवी माझ्या टेबलावर आली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला पाच मिनिटं लागली. बदललेल्या जिभेनं तिनं मेमधला सगळा माल निवडला होता. तिला बेताचं खारट लागलं ते खरं तर अळणी होतं. जे पक्कं मुरलेलं होतं ते "लय खारट" म्हणून तिनं परत केलं होतं. अर्धी खोली भरेल इतका माल घरात होता आणि हवेला दमटपणा आला होता.

"तीस वर्षं लोक माझ्या जिभेवर मासली घेतात," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि तिच्या आरडाओरड्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली. "ऑपरेशन नको मला. लंगडत बसेन. माझी जीभ परत दे."

मला खरंच लाज वाटली. गुडघा दुरुस्त करायला निघालेल्या बाईचा धंदा मी मोडला होता. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मासळी आपल्या स्कोपमध्ये येत नाही." सरांच्या स्कोपमध्ये फक्त हाडं येतात.

"सगळं सडलंय का?" परत येऊन मी हिराबायला विचारलं.

"नाय. ही वरची टोपली. बाकीचं अजून बरं हाय. ऊन चार-सहा दिवस हाय, परत मीठ लावून सुकवता येईल. पन कशाला किती लावू? मला तर सगलंच खारट लागतं."

"मग दुसऱ्या कुणाची जीभ घ्या. कुणाची पक्की आहे?"

तिनं पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"पारूची."

पारू तिची धाकटी जाऊ. बाजारात दोघी शेजारी शेजारी बसतात. सात वर्षं बोलत नाहीत. भांडण कशावरून झालं ते दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं, म्हणून लिहीत नाही.

"पारूला विचारन्यापरीस मी माल समुद्रात टाकीन."

"टाका. आणि पुढचे चार महिने तिच्याच शेजारी रिकामी टोपली घेऊन बसा."

मी हे तोंडावर बोलले आणि लगेच घाबरले. पण तिनं पिशवी उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मागे दोन बायकांचा कलकलाट. हिराबायनं फोन पारूला दिला. "डॉक्टरीनबाय," पारू म्हणाली, "माझ्या वयनीला काय पाजलं तुमी? साफ अलनी बांगडा हातात घेऊन म्हनते खारट! सात वर्षं मला वाटायचं हिचं डोकं फिरलंय. जीभ पन फिरली." पण बोलता बोलता ती चाखत होती, मला चघळल्याचा आवाज येत होता. एकेक टोपली चाखून तिनं तीन ढीग केले: थोडं मीठ, भरपूर मीठ, फेकून दे. पाच दिवस दोघींनी उन्हात माल उलथला. तीन टोपल्या गेल्या, त्या उमेळ्याच्या एका वाडीवाल्यानं खतासाठी नेल्या. बाकी सगळा वाचला.

उरलेले दोन किलो उतरले आणि गणपतीनंतर हिराबायचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून चालली. त्या दिवशी डबा पारूनं आणला होता, बिनमिठाचा. हिराबायनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "जरा खारट केलंस गो."

या जानेवारीत पारू स्वतःच माझ्याकडे आली. दोघींचा माल तीच चाखते. तिचं बीपी पाहून मी मशीन बदलून पुन्हा घेतलं. मशीन बरोबर होतं.

माझ्या फॉर्मवर आता एक प्रश्न वाढलाय: 'कामावर काय काय चाखता?' लोकांना तो मूर्खपणाचा वाटतो. गेल्या आठवड्यात नालासोपाऱ्याचा एक फरसाणवाला आला होता, त्यानंही आधी हसून घेतलं. मग पेन घेतलं आणि मान खाली घालून इतका वेळ लिहीत बसला की शेवटी मला दुसरा कागद द्यावा लागला.