सोसायटीची फुटकी नाव

रोज झाडली तरी ओसरीवर धूळ साचतेच, तसे आमच्या मच्छीमार सोसायटीचे किस्से. कुणी साठवले नाहीत, आपोआप साचले. दोघं भेटलो की एखादा निघतोच. हसायला येतं. हसून झालं की मात्र कुणी कुणाकडं बघत नाही.

*

आमचं गाव धारूरच्या खालच्या अंगाला, तलावाच्या काठी. ज्यांची शेतं तलावात बुडाली त्यांनाच सोसायटीचं मेंबर केलं. म्हणजे जन्मभर औत हाकलेली माणसं, आता मासे धरणार! फायबरची नाव आली त्या दिवशी नारळ फुटला, गुलाल उधळला. मग कुणीतरी हळूच विचारलं, "पवाया कुणाला येतं?"

सगळ्यांनी चेअरमनकडं बघितलं.

चेअरमन म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? मी सह्या कराया हाय!"

*

पुढं शिकलो सगळं. बबन तर लई तरबेज झाला. पण एक पावसाळा कोरडा गेला, पाणी रोज खाली उतरायला लागलं, आणि बुडालेली शेतं हळूहळू वर यायला लागली. एका सकाळी बबन वल्हं मारत होता, मी जाळ्यापाशी. बुडाखाली कर्र्र झालं, अन् पाणी आत!

मी ओरडलो, "खडकावर घातली का बे?"

बबन वाकून बघतच राहिला. म्हणाला, "खडक न्हाई, आण्णा. माझी हीर हाय. कठडा मीच बांधलाय. लई मजबूत बांधलाय!"

कशीबशी काठाला आणली. बुडाला हातभर चीर.

*

घाई सगळ्यात जास्त बबनला. त्याची सून शोभा पोटुशी. उरलेलं पाणी आटायच्या आत मासळी निघाली तर घरदार बसून खाईल, नाहीतर ऊसतोडीच्या ट्रकात तिलाही चढावं लागणार. मागच्या खेपेला उसाच्या फडातच तिचं पोट पडलं होतं. "यंदा पोरीला फडात न्यायची न्हाई," बबन ज्याला त्याला सांगायचा.

म्हणून त्याच दिवशी त्यानं नाव पालथी घातली, चिरेवर डांबर ओतलं, वर पोत्याचा तुकडा लावला. ऊन असं की डांबर काही आळेना. चेअरमन पाहणीला आले. पांढरंशुभ्र धोतर. बोलता बोलता नावेवर टेकले. उठायला गेले, तर चेअरमन उठले पण धोतर उठेना!

बबननं हात जोडले. "साहेब, बसा. तुमी उठलात तर माझं ठिगळ जाईल."

*

मग अंबाजोगाईहून सामान आणलं. फायबरची मॅट, चिकट रेझिन आणि ते आळवणारं हार्डनर. दुकानदारानं बजावलं होतं, थोडं थोडं कालवा. पण आमची सवय लग्नाच्या स्वयंपाकाची. करायचं ते एकदाच! भर दुपारी घमेल्यात सगळं ओतलं आणि म्हाताऱ्या किसनच्या काठीनं ढवळलं. मॅट कापून होतीय तोवर घमेल्यातून धूर निघाला, अन् सगळ्याचा दगड! काठी मधोमध उभी.

आम्ही भोवती गोल उभे. बबन तर खालीच बसला. शेवटी किसन वाकून घमेल्याच्या पाया पडला.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"काठी," तो म्हणाला. "माझी हाय."

*

पुन्हा सामान आणलं. या वेळी शहाण्यासारखं केलं. चीर घासकागदानं घासली, पहाटेच्या गारव्यात वाटी वाटी कालवलं, थरावर थर दिले. ठिगळ झकास बसलं. पण फायबर घासताना उडालेली त्यातल्या काचेची कूस सगळ्यांच्या अंगात शिरली! नेमके त्याच दिवशी मत्स्य खात्याचे साहेब आले. आम्ही रांगेत बसून खराखरा खाजवतोय. साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. मग आणखी मागं.

"कधीपासून आहे हे?"

चेअरमन पाठ खाजवत म्हणाले, "पाऊस गेल्यापासून, साहेब!"

साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही.

*

राहिलं एकच. नाव गळते का बघायचं. पण तोवर पाणी इतकं लांब गेलं होतं, की नाव ओढायला लावलेले बैल चिखलात रुतले. तेव्हा चेअरमन म्हणाले, "नाव पाण्यात जात न्हाई, तर पाणी नावेत आणा! गळली तर भाईर दिसंलच की."

गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर आला होता. नाव दोन ओंडक्यांवर सरळ ठेवली आणि टँकरचा पाइप तिच्यात सोडला. बबन खाली आडवा झाला, तळहात ठिगळावर लावून. नाव काठोकाठ भरली.

"कोरडी हाय!" खालून बबन ओरडला. "आण्णा, कोरडी हाय! एक थेंब न्हाई!"

हसत हसत बाहेर आला, आणि तसाच थांबला. नावेच्या दोन्ही अंगाला बाया हंडे घेऊन उभ्या. टँकर रिकामा झाला होता. सगळ्यात पुढं शोभा, कमरेवर हंडा, एक हात पोटाखाली.

"भरा, भरा लौकर," बबन म्हणाला. "उद्या नाव पाण्यात सोडायची हाय."

शोभानं तलावाकडं बघितलं. मग बबननंही बघितलं. तलावाच्या मधोमध बगळे चालत होते.

"मामा," ती हळूच म्हणाली, "कुठल्या पाण्यात?"

बबननं एका बाईच्या हातातला तांब्या घेतला. नावेत बुडवला, शोभाच्या हंड्यात ओतला. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला. हंडा भरल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाला, "आण्णा, तोडीचा ट्रक कवा निघणार हाय, जरा इचारा."