न पाहिलेली गावं

ओमतीच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. "श्रीधर, दादा गेले. सकाळी चहा घेतला, अन् बस..." पुढे त्यांना बोलवेना. त्याला आता सात आठवडे झाले.

दिगंबरदादांनी उभं आयुष्य एकाच प्रश्नामागे घालवलं: धरण झालं, कालवे निघाले, त्या पाण्याने जमिनीचं आणि माणसांचं पुढे काय केलं? त्यांच्या पाहणीत मी तरुणपणी सहायक म्हणून लागलो. गावं हिंदी मुलखातली. तिथे पोचल्यावर ते प्रश्नावली लगेच पिशवीबाहेर काढत नसत. "पानी आता है?" विचारलं की शेतकरी म्हणे, "आता है, साहब." दादा तिथेच बसून राहत. तासाभराने तोच माणूस सांगे, की येतं, पण गहू वाळल्यावर. "पहिलं उत्तर साहेबाला असते," दादा मला म्हणत. "दुसऱ्यासाठी बसावं लागते. तुला तर पाटनचे समोसेच दिसून राहिले."

ती नुसती थट्टा होती. खरं काय ते मलाच ठाऊक होतं. कालव्याच्या शेवटाकडची गावं माझ्याकडे होती. त्यांतल्या एकाचा रस्ता चिखलाचा, म्हणून मी वाटेतल्या पाटनच्या टपरीवर बसून शेजारच्या गावाची उत्तरं थोडी फिरवली आणि फॉर्म भरले. पाणी शेवटपर्यंत पोचतं, असं अहवालात छापलं गेलं. वर्षभराने दादा सहज त्या गावी गेले. कोरड्या कालव्यात शेळ्या चरत होत्या. पाण्यासाठी गावाने केलेला अर्ज आमच्याच अहवालाचा दाखला देऊन परत आला होता.

परतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "काहून रे, गेला होतास ना तिथे?"

"गेलो होतो," मी म्हणालो.

"चलो, ठीक," ते म्हणाले. दुरुस्तीच्या पत्रात त्यांनी चूक स्वतःच्या नावावर घेतली. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकत्र काम केलं. दर दिवाळीला अधारतालला त्यांच्या घरी जाताना मी ठरवत असे, की आज सांगायचं. आणि फराळ करून परतत असे.

तेराव्यानंतर वहिनींनी मला त्यांच्या खोलीत नेलं. भिंतीवर दादांनी हाताने काढलेला कालव्याचा नकाशा होता. "स्वतः पाहिलं ते शाईनं, ऐकलं ते पेन्सिलनं," वहिनी म्हणाल्या. "तुझी गावं बघ, सगळी शाईत. श्रीधर गेला म्हणजे मीच गेलो, म्हणत." एका गावापाशी निळी रेघ खरवडून 'कोरडा' असं नव्याने लिहिलेलं होतं. बाकीची गावं तशीच होती, ठळक.

त्यांतल्या आणखी दोन गावांना मी कधीच गेलो नव्हतो. तिथे उभ्या उभ्या मी ते वहिनींना सांगितलं.

मग टेबलाच्या खणातून ब्लेड काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"खरवड," म्हणाल्या. "अन् जाऊन ये."

मागच्या रविवारी एका गावी जाऊन आलो. दुसरं उरलं आहे.