शेजारच्या वर्गातलं हसू

मला तिचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. ती म्हणजे दुसरीच्या वर्गाच्या बाई. पारोळा आणि एरंडोलच्या मधल्या एका खेड्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा. माझ्याकडे पहिली, तिच्याकडे दुसरी, मध्ये एक भिंत. त्या भिंतीतून दिवसभर हसू ऐकू यायचं आणि माझ्या पोटात दुखायचं.

मी पुण्याकडची. बदली होऊन इथं आले तेव्हा वाटलं होतं, मराठी ती मराठी, त्यात काय शिकायचंय? ती धुळ्याची. फळ्यावर पुस्तकातलं मराठी लिहायची, पोर रडलं की तिथल्या तिथं अहिराणीत शिरायची, "काय व्हयनं व माय? आठे ये!" मुसलमान वस्तीतल्या मुलांना म्हणायची, "चलो बेटा, कॉपी निकालो." मुलंही तशीच. धडा मराठीत वाचायचे आणि पेन्सिल कुणी पळवली ते अहिराणीत सांगायचे. माझ्या वर्गात मात्र मुलं तोंडात गुळणी धरल्यासारखी बसायची.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "बाई, मनी पाटी कोठे शे?" मी म्हटलं, "असं नाही. माझी पाटी कुठे आहे, म्हण." सगळ्या वर्गासमोर तीन वेळा म्हणायला लावलं. पाटी कपाटावरच होती, ती मी शेवटी दिली. त्या दिवसापासून ती मुलगी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शिकवण्याच्या भरात ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीनंतर एक गोष्ट लक्षात आली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मधली सुट्टी झाली की ती मुलगी पळत दुसरीच्या वर्गात जायची. दारातून दिसायचं, ती त्या बाईंच्या मांडीला टेकून काहीतरी पुटपुटतेय आणि बाई मान डोलावतायत. माझी विद्यार्थिनी! तिला दुसऱ्याच्या पदराशी बघून मला जे झालं, ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

त्यात भरिताचे दिवस आले. थंडी पडली की इथं शेतात तुरकाठ्यांवर हिरवी वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर सगळे बांधावर बसून खातात. शिक्षकांना बोलावणं येतं ते घरच्या पोराच्या तोंडी. चिठ्ठी नाही, फोन नाही. दुसरीच्या बाईंना त्या महिन्यात तीन बोलावणी आली. मला एकही नाही. डब्यातली पोळी खाताना ती सहज सांगायची, "काल भरीत फार तिखट होतं हो." माझ्या नाकाला मिरच्या इथंच झोंबायच्या.

एका सोमवारी मी वर्गात नियम केला. मधल्या सुट्टीत आपला वर्ग सोडून दुसऱ्या वर्गात जायचं नाही. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं, "पहिलीच्या मुलांना शुद्ध बोलण्याची सवय लागायला हवी." ते बरं म्हणाले. खरं कारण मला माहीत होतं. ती मुलगी आठवडाभर बाकावरच बसून राहिली, आणि मला त्याचं समाधान वाटलं, हेही लिहायलाच हवं.

शनिवारी शाळा सुटताना ती माझ्या टेबलाशी आली. हात मागे बांधून, पाठांतर म्हणायला उभं राहतात तशी उभी राहिली.

"बाई, उद्या आमच्या शेतात भरीत आहे. माझ्या आईने सांगितले आहे. तुम्ही..."

आणि थांबली. भिंतीकडे बघितलं. ओठ हलले, पण पुढे काही येईना. डोळे भरून आले.

तिच्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "बाई, तिले तथल्या बाई शिकाडी ऱ्हायन्तात. पुढलं शिकानं राही गयं."

म्हणजे इतके दिवस मांडीला टेकून ती हे पाठ करत होती. माझ्यासाठी. चूक न करता मला जेवायला बोलवता यावं म्हणून. आणि उरलेलं वाक्य मी माझ्या नियमानं अडवलं होतं.

मी तिचा हात धरला आणि तिला शेजारच्या वर्गात घेऊन गेले. त्या बाई हजेरी आवरत होत्या. मी म्हटलं, "हिचं वाक्य अर्धं राहिलंय. माझ्यामुळे."

त्यांनी हजेरीपट बाजूला ठेवला. मुलीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "तुन्या बाईसले तुनी बोलीमाच सांग व माय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोलीत बोललेलं मला चालेल का, हे तिला माझ्याकडूनच ऐकायचं होतं. मी उंबऱ्यावर खाली बसले आणि म्हणाले, "सांग."