मेंदीत न रंगलेली चार बोटं

हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. महाडला टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. वाडीत कोणाला काही दिसलं, कोणाला काही लागलं, असं कानावर आलं की मी हसायचे नाही, पण खरंही धरायचे नाही. आजही सगळं खरं धरते असं नाही. तरी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते... कोणाला कारण सापडलं तर मला ते खरंच हवं आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आहे. निम्म्या घरांना कुलूप – माणसं मुंबईत. बाबाही तिकडेच एका हॉटेलात कामाला. घरी आई आणि काकी. मी आठवडाभर महाडला एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या दोन मुलींसोबत खोलीवर राहते आणि शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने घरी येते.

मागच्या वर्षी आईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं आणि नंतर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या – कॅपेसिटाबिन. केमो म्हणजे सलाईनमधून देतात एवढंच आम्हाला माहीत होतं. ही साधी गोळी होती. सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. चौदा दिवस घ्यायची, सात दिवस सुट्टी, मग पुन्हा चौदा.

मुंबईहून वीर स्टेशनला परतताना गाडीत आईने मला विचारलं होतं, एवढीशी गोळी आत जाऊन करते काय. मी तिला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या भिंतीचं उदाहरण देऊन सांगितलं. ही गोळी पोटात गेल्यावर शरीरच तिचं दुसरं औषध बनवतं. ते औषध म्हणजे खोटा चिरा. दिसायला अगदी खऱ्यासारखा. पेशी तो उचलून भिंतीत बसवायला जाते आणि काम अडतं, पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी घाईघाईने भिंती चढवतात, म्हणून जास्त त्याच अडतात. पण आतड्याचं अस्तर, तोंडातली कातडी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, हेसुद्धा रोज नव्याने बांधलं जातं. तिथेही खोटा चिरा जातो. म्हणून जुलाब, तोंड येणं, ताप. आणि या गोळीने हाता-पायाचे तळवे लाल होऊन सोलतात.

हॉस्पिटलच्या सिस्टरने बजावलं होतं की जुलाब रोजच्यापेक्षा चार-पाच वेळा जास्त झाले, तळव्यांना फोड आले किंवा ताप आला, तर पुढची गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा. शिवाय दर शनिवारी तळव्यांचा फोटो पाठवायचा. हे सगळं मी आईला दोनदा समजावलं. तिने मान हलवली.

तिच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. गोळी थांबली की गाठ परत येणार, एवढंच तिने पक्कं धरलं होतं.

दुसऱ्या फेरीचा अकरावा दिवस, शनिवार. वालाची शेंग भरायला आली होती. सकाळी आई म्हणाली, तळवे जळतात, मेंदी लावून दे. आमच्याकडे अंगात उष्णता झाली की तळव्यांना मेंदी लावतात, लहानपणापासून बघतेय. काकीने कुंपणावरची पानं आणून पाट्यावर वाटली. म्हणाली, "उष्णता हाय गो ती. मेंदीनं उतरंल. तुज्या डाक्टरला काय ठावं."

मला यात वावगं वाटलं नाही. मेंदीच ती... रंग कातडीच्या वरच्या थरातल्या प्रथिनाला धरतो, हे मी कॉलेजात शिकले होते. आई पडवीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसली होती. तळवे जरा लाल दिसले, पण पहिल्या फेरीतही तसेच होते. फोटो मेंदी धुतल्यावर काढू म्हटलं. रंगलेल्या हाताच्या फोटोत लाली दिसणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईच्या मात्र आलं होतं.

मी दोन्ही तळव्यांना जाड लगदा थापला, वरून जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि मनगटावर स्वतः गाठी मारल्या. काकी शेतावर गेली. आई आत आडवी झाली. मी उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसले. मागचं दार आतून लावलेलं होतं. दुपारी दोनपर्यंत मला ओलांडून कोणी आत गेलं नाही. हे मी शपथेवर सांगते.

दोनच्या सुमारास आईने हाक मारली. पट्ट्या सोड म्हणाली. आवाज वेगळाच होता. गाठी माझ्याच होत्या, तशाच घट्ट. आत लगदाही सगळीकडे सारखा, वाळून भेगाळलेला. डावा हात धुतला, गडद रंगला होता. मग उजवा धुतला.

उजव्या तळव्यावर आडवी चार बोटं उमटली होती. म्हणजे तेवढ्या जागी मेंदी रंगलीच नव्हती. कोणीतरी हात हातात घट्ट धरावा तशी. बाजूला सगळं तपकिरी आणि त्या बोटांच्या जागेतली कातडी लालभडक. मधे एक टपोरा फोड. दुसरं बोट बाकीच्यांपेक्षा आखूड होतं, वरचं पेर नसल्यासारखं.

आई कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मी विचारलं, झोपेत कशावर दाबला का?

मी तसाच फोटो काढला. रेंज फक्त खालच्या वळणावर येते, तिथे पळत गेले आणि पाठवला. थोड्याच वेळात सिस्टरचा फोन आला. जुलाब होतात का? मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, घरी जाऊन नीट विचार, तोवर गोळी देऊ नकोस.

काकी शेतावरून परत येत होती. तिला वाटेतच विचारलं. ती म्हणाली, "कालपासनं आठ येळा गेली. मला शपथ घातलीन, तुला सांगायचं नाय म्हणून."

मी घरात गेले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले. मी रागावले नाही, मला रडूच आलं. ती म्हणाली, "बंद करतील गो ते. मंग मी काय करू?"

वाडीतल्या जीपने तिला महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीरातलं पाणी आणि क्षार खूप उतरलेत, मूत्रपिंडावर ताण आलाय. अशात आणखी दोन-तीन दिवस गोळ्या पोटात गेल्या असत्या तर सावरणं कठीण होतं. पाच दिवस सलाईन चाललं. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवून नंतर डोस कमी करून पुन्हा सुरू केल्या. थांबवणं हासुद्धा औषधाचाच भाग असतो, हे त्यांनी आईला फोनवर शांतपणे सांगितलं. तिला ते पटलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मुंबईच्या सिस्टरने चौकशीला फोन केला. सहज म्हणाल्या, मेंदी ओली असताना कोणी हात धरला होता वाटतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर आई आपणहून बोलली. "ताई होती."

ताई म्हणजे माझी मावशी. मी चौथीत असताना गेली. गवत कापताना विळ्याने तिच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं, एवढंच मला आठवतं. बाकीचं आईने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मावशीने पोटाचं दुखणं वर्षभर लपवलं. कोणाला त्रास नको म्हणून. कळलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. त्या मेंदीच्या दुपारी आईचा डोळा लागला तेव्हा मावशी शेजारी बसली होती म्हणे, हात धरून. बोलली काहीच नाही. फक्त हात सोडेना.

मी खूप विचार केला. सोलणाऱ्या कातडीवर मेंदी नीट धरत नाही, हे खरं. पण मग डावा हात कसा रंगला? तोही तितकाच सोलत होता. कॉलेजातल्या सरांना मावशीचं न सांगता विचारलं. त्यांनी दाब, घाम, लगद्याची जाडी, अशी कारणं सांगितली. मी घरी माझ्या स्वतःच्या हातावर करून पाहिलं, पट्टी बांधून, चार बोटं दाबून. सगळीकडे रंगलं. शिवाय गाठी माझ्या होत्या आणि लगदा कुठेही मोडलेला नव्हता... याच्या पुढे मला जाता येत नाही.

तीन आठवड्यांत कातडी सोलून मेंदी गेली, ती बोटंही गेली. फोटो माझ्या फोनमध्ये आहे. इथे टाकावासा वाटत नाही.

आईची आता सहावी फेरी चालू आहे. शनिवारी मी आठवण करून द्यायच्या आधीच ती उजेडात येऊन दोन्ही तळवे पुढे करते. मागच्या वेळी मी थट्टेने म्हटलं, आता मेंदी नको का लावायला? ती हसली नाही.

"कुणापासनं लपवू?" म्हणाली. "तिला दिसतंय."